गोपिकाबाईचा गतिरोधक

गोपिकाबाईच्या माहेरी मेंढरं, सासरीही मेंढरंच. पुढं घनसावंगीकडचं रान सुटलं, मेंढरं विकली आणि ती जालन्याच्या एमआयडीसीत बी निवडायच्या कामाला लागली. पत्र्याची खोली मिळाली तीही लोखंडाच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला खेटून. भंगारानं खच्चून भरलेले ट्रक दारावरून सुसाट जायचे. त्यांच्या धुळीनं, धुरानं सगळी वस्ती खोकून हैराण. शेजारच्या चांगुणाबाईचा पोरगा सुग्रीव सायकलसकट ट्रकखाली गेला, तेव्हा मात्र गोपिकाबाई पेटली. बायकांना घेऊन भर उन्हात रस्त्यावर बसली, साहेब लोकांची बोलणी खाल्ली, पण गतिरोधक करून घेतलाच. वस्तीनं तिला डोक्यावर घेतलं.

शहाण्यासुरत्या माणसांच्या ध्यानात आलं नाही, ते पोरांच्या आलं. ट्रक गतिरोधकावर आदळला की वरून काहीतरी खाली पडतं. कधी नट, कधी स्प्रिंग, कधी पाइपाचा तुकडा. कोपऱ्यावरचा भंगारवाला ते लगेच विकत घ्यायचा. आधी पोरं ट्रक गेल्यावर उचलायची. मग दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून ट्रकसोबत पळू लागली. आता तर चालत्या चाकापाशी हात घालतात. एका संध्याकाळी नातीच्या, राजनंदिनीच्या दप्तरात गोपिकाबाईला लोखंडाचा तुकडा सापडला आणि तिनं तो सुनेपुढं आदळला.

"सगळ्यांचीच पोरं उचलून राह्यली, आत्याबाई," सून दैवशाला म्हणाली. "आपलीच काय म्हणून घरात बसवायची?"

दुसऱ्या दिवशी बाईनं कुदळ उचलली आणि भांडून मिळवलेला गतिरोधक स्वतःच खणायला निघाली. तिच्यासोबत उन्हात बसलेल्या बायकांनीच तिचा हात धरला.

"येडी झालीस का गं?" चांगुणाबाई ओरडली. "माझा सुग्रीव गेल्ता तवा बसवला ना ह्यो? फोडला तर गाड्या पुन्हा अंगावर येतील!"

"अन् ठेवला तर पोरं गाडीखाली जातील. मंग?"

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. बायका बाजूला झाल्या. पोरं रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली, सगळ्यांत पुढं राजनंदिनी. गोपिकाबाई हाक मारणार, तोच दैवशालानं लेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला जरासं पुढं सरकवलं.

"मागच्या चाकाजवळ जा, जल्दी," ती म्हणाली. "मोठं तिथंच पडतंय."