निघायच्या आधीची दारू

चौथीत शाळा सुटली माझी, तरी सुनेचा हट्ट, "बाबा, ते पोरांचे किस्से लिहून काढा." लिहितो, पण चुका काढायच्या नाहीत! पालघर स्टेशनला तीस वर्षं रिक्षा चालवतोय. किस्से शोधावे लागत नाहीत, मागच्या सीटवर आपोआप येऊन बसतात.

कॉलेजची तीन पोरं माझी कायमची गिऱ्हाइकं. कुणाल पुढारी, टिन्या तोंडाळ, सौरभ गरीब. कुठंही जायचं असलं की आधी रूमवर पिऊन निघणार.

मी म्हटलं, "अरे, हळदीला दारू फुकट मिळते, मग आधी कशाला?"

टिन्या म्हणाला, "काका, नाचायची लाज वाटते. ती रूमवरच सोडून यायची."

"आणि अक्कल? तीपण तिथंच?"

*

एकदा एडवणला हळदीला सोडलं. तिघं तासभर नाचले, जेवले, आहेराचं पाकीटही देऊन बसले. तेवढ्यात हळदीनं माखलेला एकजण आला. "तुमी कोणाकडचे?"

कुणाल छाती काढून म्हणाला, "आम्ही नवऱ्याचे जिगरी दोस्त!"

"नवरा मीच हाय!"

यांच्या मित्राची हळद मागच्या आळीत होती.

*

बोईसरला जेवायला निघाले, तर टिन्यानं वाटेतच रिक्षात ओकारी केली. वर मलाच सांगतो, "काका, पनीर खराब होतं!"

"गाढवा, हॉटेल अजून सहा किलोमीटर पुढं हाय!"

*

शिरगावच्या किनाऱ्यावर कुणाचा तरी वाढदिवस होता. दुपारचे चार. सौरभनं उपाशीपोटी, स्टीलच्या ग्लासानं, मापाशिवाय ढोसलेली. वाटेत त्याची मान पडली.

"झोपलाय, तुम्ही चला," कुणाल म्हणाला.

मी रिक्षा थांबवून सौरभला जोरात चिमटा काढला. हूं नाही की चूं नाही. ओठ निळे पडलेले. रिक्षा फिरवली, सरळ दवाखान्याकडे.

"थांबव म्हाताऱ्या! माझ्या बापाला कळेल!" म्हणत कुणालनं मागून माझ्या कानाखाली वाजवली.

"तुझ्या बापाला कळू दे! याच्या आईला मी काय सांगू?" रिक्षा काही थांबवली नाही.

डॉक्टरांनी सौरभला नळ्या लावल्या आणि कुणालला विचारलं, "पार्टीत किती प्यायला हा?"

"पार्टी अजून सुरूच नाही झाली, सर."

सौरभ वाचला. त्याची आई सफाळ्याहून येऊन माझे पाय धरून गेली. टिन्या रडून गेला. माफी मागायला यायचा राहिलाय तो एकच, कुणाल.