सहा ते साडेसात

आमच्या वहिनींना टेनिस आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली सगळे त्यांना 'टेनिसवाल्या काकू' म्हणतात आणि नवीन माणसाला वाटतं, बाई तरुणपणी मोठी खेळाडू असणार. कसली खेळाडू! त्यांचं आयुष्य पडद्यांच्या दुकानात गेलं. खिडकीचं माप, चुण्या किती, अस्तर कुठलं, हे त्यांना विचारा. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे त्यांना अजूनही नीट दिसत नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय, पण मान्य करतील तर शपथ.

मी त्यांचा धाकटा दीर. दादा-वहिनी दुकानाच्या वर राहतात, मी मागच्या गल्लीत एकटा. बायको गेल्यापासून माझं रात्रीचं जेवण त्यांच्याकडे असतं. दिवस कसाही निघतो, पण संध्याकाळी घर खायला उठतं. त्यावर माझ्याकडे एकच औषध होतं, ते म्हणजे दुकानासमोरच्या मैदानात सहा ते साडेसात टेनिस. कोर्ट एकच आणि खेळणारे आम्ही चौघे म्हातारे: मी, निवृत्त हेडमास्तर, सिमेंटचे व्यापारी आणि क्लबचे अध्यक्ष असलेले दाताचे डॉक्टर. आठ गुडघ्यांपैकी धड असे तीन-चारच, पण भांडायला चौघेही खणखणीत.

वहिनी कोर्टावर पहिल्यांदा आल्या त्या जाळी शिवायला. वरची पट्टी फाटली होती आणि डॉक्टरांना फुकटात काम हवं होतं. वहिनींनी दाभण आणि जाड दोरा नेला, भर उन्हात बसून पट्टी शिवली आणि रात्री मला वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, ते मैदान दिवसभर कुलपात का असतं?"

"ऊन असतं."

"आणि ऊन उतरल्यावर?"

"आम्ही असतो."

"चौघंच? आणि ती तारेला नाक लावून उभी असतात ती पोरं?"

"ती बघतात," मी म्हणालो.

"कापड नुसतं पडून राहिलं की त्याला कसर लागते," वहिनी म्हणाल्या. एवढ्यावर विषय संपला असं मला वाटलं. तीस वर्षं ओळखूनही माणूस फसतो तो असा.

शाळांना सुट्टी लागली होती. वहिनींनी डॉक्टरांकडून दुपारची वेळ मागून घेतली आणि डॉक्टरांनीही ती उदार मनाने दिली. दुपारी तिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही, त्यात त्यांचं काय जात होतं? शिकवायला वहिनींनी शाळेतल्या खेळाच्या बाईंना गाठलं. रॅकेटी जमवायची त्यांची रीत वेगळीच होती. गिऱ्हाइकाच्या घरी पडदा लावायला शिडीवर चढायचं, तिथूनच माळ्यावर नजर टाकायची आणि म्हणायचं, "ती धूळ खात पडलेली रॅकेट देता का? पडद्याची शिलाई कमी करते." दादा कपाळाला हात लावायचे. पण माळ्यामाळ्यावरून रॅकेटी निघाल्या.

उरलेल्या कापडाच्या त्यांनी बुटक्या जाळ्या शिवल्या, पडद्याच्या दांड्यांत ओवल्या आणि एका कोर्टाची चार छोटी कोर्टं केली. एक जाळी फुलाफुलांची, एक पट्ट्यापट्ट्यांची, एक कुणाच्या तरी दिवाणखान्यातली मखमल. डॉक्टर बघून म्हणाले, "हे कोर्ट आहे की धोबीघाट?" पण आम्ही जिथं चौघे खेळायचो तिथं सोळा पोरं खेळू लागली. रद्दीवाल्याचा मुलगा होता, औषधाच्या दुकानदाराच्या जुळ्या मुली होत्या आणि एक डावखुरी पोरगी होती. तिची आई दवाखान्यात साफसफाई करायची. सगळे तिला डावरी म्हणत. एरवी दिवसभर पायरीवर बसून आईची वाट बघणारी ती मुलगी आता हुकूम सोडत फिरायची.

सुट्टी संपत आली तशी खरी अडचण पुढे आली. शाळा सुरू झाली की दुपार गेली आणि पोरं मोकळी होणार ती सहाला. संध्याकाळ मिळाली नाही तर सगळंच बंद पडणार होतं. वहिनी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर गोड हसले. "वेळेबद्दल फक्त सभासद बोलू शकतात. आणि सभासद व्हायचं तर एका सभासदाबरोबर वीस फटके न चुकता खेळून दाखवावे लागतात. नियम आहे." दात काढून झाल्यावर 'दुखलं नाही ना?' विचारतात तेच हे हसू.

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडायच्या आधी मागच्या भिंतीवर धपाधप आवाज सुरू झाला. साडी खोचून, दात-ओठ खाऊन वहिनी भिंतीशी खेळत. चेंडू शेजाऱ्यांच्या कुंडीत जाई, गटारात जाई, एकदा दादांच्या चहात गेला. शिकवणीला डावरी. "काकू, माझ्याकडे नका बघू, चेंडूकडे बघा!"

"तोच तर दिसत नाही मेला!" वहिनी म्हणायच्या आणि पुन्हा मारायच्या.

परीक्षेला डॉक्टरांनी मुद्दाम मला उभं केलं. मी भिडेपोटी सोपं खेळलो तर त्यांना बोट ठेवायला जागा होती आणि कडक खेळलो तर परस्पर काम होत होतं. मी ना सोपं खेळलो ना कडक, नेहमीसारखा खेळलो. पहिल्यांदा वहिनी लगेच चुकल्या. दुसऱ्यांदा निम्म्यावर आल्या आणि चेंडू जाळीत गेला. तिसरी संधी शेवटची. मला वाटलं, आता घाई करतील. पण शिलाईच्या मशीनवर बसल्यावर दिसतो तोच चेहरा मला समोर दिसला. वीस झाले. अंबाडा सुटलेला, श्वास लागलेला, पण डॉक्टरांना त्यांनी विचारलंच, "मोजलेत ना नीट?"

रविवारी सभा झाली. संध्याकाळची वेळ कायमची मुलांना द्यावी, असा ठराव वहिनींनी मांडला. विरोधात हात वर करा म्हटल्यावर मीही हात वर केला. खोटं कशाला बोलू? ती माझी संध्याकाळ होती. ठराव पडला.

वहिनींनी माझा हात पाहिला होता. रात्री जेवायला जाऊ की नको, असं झालं. गेलो. त्यांनी रोजच्यासारखं गरम वाढलं. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "भावजी, तुम्ही मागे ऑफिसातल्या मित्राला खेळायला आणलं होतंत ना? ते कसं चालतं?"

"सभासदाला पाहुणे आणता येतात."

"किती?"

"त्याचं काही ठरलेलं नाही."

"आणि वेळ?"

"फाटकाजवळ पाटी आहे. सकाळी जो पहिला येईल तो नाव लिहितो. त्या दिवशी ती वेळ त्याची."

"तुमच्या चौघांचं नाव कधी दिसलं नाही ते पाटीवर."

"आमचं कशाला लिहायला हवं? सगळ्यांना माहीत आहे."

"हो, ते आहेच," वहिनी म्हणाल्या आणि ताट उचललं.

शाळा सुरू झाली त्या संध्याकाळी आम्ही चौघे पोचलो, तर पाटीवर सहा ते साडेसातच्या रकान्यात वहिनींचं नाव आणि आत धोबीघाट. डॉक्टर लालबुंद झाले. "अहो, ठराव पडला ना?"

"कायमच्या वेळेचा पडला," वहिनी म्हणाल्या. "मी फक्त आजची घेतलीय. हे माझे पाहुणे. उद्याचं उद्या बघू."

हेडमास्तरांना हसू आवरेना. डॉक्टरांनी मात्र दुसऱ्या दिवशी अंधारातच येऊन पाटीवर आपलं नाव लिहिलं. संध्याकाळी आम्ही आत खेळलो आणि वहिनी दुकानातलं गिऱ्हाईक तसंच सोडून फाटकापाशी उभ्या राहिल्या. एकेका पोराला जवळ घेऊन सांगत होत्या, "आज नाही रे राजा, उद्या ये." डावरी गेली नाही. ती समोर दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. पाटीची लढाई आम्ही जिंकलो आणि मला आयुष्यात कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"उद्या पाटीवर लिहायची पाळी तुझी," जाताना डॉक्टर मला म्हणाले. "वहिनींच्या आधी पोच."

पोचलो. खडू हातात घेतला आणि माझं नाव लिहिलं. मागे वळलो तर वहिनी रस्ता ओलांडून लगबगीने येत होत्या. केस तसेच, पायांत दादांच्या चपला. पाटी वाचायला त्यांना अगदी जवळ यावं लागलं.

"लिहिलंत?"

"लिहिलं."

"बरं," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. "मी उद्या लवकर येईन." आणि फटक फटक चपला वाजवत परत गेल्या.

सहाला तिघे कोर्टावर हजर. डॉक्टर खुशीत होते. तारेपलीकडे पोरं जमली होती आणि वहिनी दुकानाच्या दारातून बघत होत्या.

"चल, कोण कुणाकडून?" डॉक्टर म्हणाले.

"आज जमायचं नाही," मी म्हणालो. "वेळ माझ्या नावावर आहे, आणि माझ्याकडे पाहुणे आहेत."

"वहिनींना घाबरलास?"

"घाबरतो तर आहेच. पण ते नाही. डॉक्टर, संध्याकाळ माझी आहे. ती कुणाबरोबर घालवायची ते मी ठरवणार."

मी फाटक उघडलं. पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी आत घुसली. जाळ्या आणायला कोण, दांड्या धरायला कोण, यावरून आरडाओरडा सुरू झाला. मला कुणी विचारेना. शेवटी फुलाफुलांच्या जाळीचं टोक ओढत डावरी माझ्यासमोर येऊन थांबली.

"काका, तुम्हीपण खेळणार?"

"जागा असेल तर," मी म्हणालो.