मंगफचा मारकुटा

गोल्फचा फटका चुकला की तो स्वतःच्या कानाखाली वाजवायचा. नुसतं दाखवायला नाही. आवाज पुढे खेळणाऱ्या जोडीपर्यंत जायचा आणि ते लोक मागे वळून बघायचे. मग गाल चोळत तो मला म्हणायचा, "मारायचा तर मनापासून मारायचा, देसाई. नायतर घरी बसायचा."

मारकुटी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक जण स्वतःला सोडून बाकीच्यांना मारतात. हा सुरुवात स्वतःपासून करायचा, आणि पुष्कळदा तिथे थांबायचा नाही.

कुवेतमधल्या मंगफला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मी कुवेत सिटीतल्या एका कंपनीत हिशेब बघणारा, तो शुऐबा बंदराजवळच्या एका कारखान्यात क्रेनवर. त्याचं गाव रत्नागिरीकडचं, अगदी समुद्राला लागून. ओळख झाली ती लिफ्ट अडकली म्हणून. आत आम्ही दोघेच होतो आणि त्याने लाथा घालून घालून दार वाकवलं. दार उघडलं नाही ते नाहीच, वर आमच्या रखवालदाराने दोघांनाही झापलं.

गोल्फ तो वाळूवर शिकला. टीव्हीवर दिसतं ते हिरवंगार गोल्फ डोळ्यांसमोरून काढून टाका. इथे सगळं मैदानच वाळूचं. चेंडू ठेवायला प्रत्येकाने प्लास्टिकच्या गवताचा तुकडा बरोबर न्यायचा. भोकाभोवती हिरवळीऐवजी तेल पाजलेली तपकिरी वाळू. तिच्यावरून चेंडू ढकलायच्या आधी पायांचे ठसे पुसून ती सारखी करायची, हा तिथला शिरस्ता. एवढा आडदांड माणूस, पण वाळूवरून हात फिरवायचा तो झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

चाळिशी उलटल्यावर तो पात्रता स्पर्धा खेळून आखातातल्या व्यावसायिक दौऱ्यात घुसला; तिथली मैदानं मात्र खऱ्या गवताची. कारखाना सोडला. एका क्लबने त्याला शिकवायला ठेवून घेतलं, पण दौऱ्याचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा परवाना, असेपर्यंतच. कार्ड गेलं की ती नोकरी जाणार, नोकरीमागे इकामा जाणार, आणि इकामा नाही म्हणजे कुवेतमध्ये राहणंच नाही. त्या मोसमात मी सगळी रजा टाकून त्याची बॅग उचलायला गेलो. आमची ही म्हणाली, तुम्हाला मार खायची हौस आहे का.

हौस होतीच म्हणा. मस्कतला त्याने एक क्लब, म्हणजे खेळायची काठी, गुडघ्यावर मोडला आणि तुटलेलं टोक मांडीत घुसलं. फडकं करकचून बांधून तो खेळत राहिला. संध्याकाळी बूट काढला तेव्हा मोजा रक्ताने चिकटला होता, आणि हा माझ्यावरच डाफरत होता की क्लब एवढे कच्चे का असतात.

बहारीनला मात्र हसण्यासारखं काही झालं नाही. बरोबरच्या एका खेळाडूने आपला मातीने माखलेला चेंडू माझ्या पायाशी फेकला आणि चुटकी वाजवून म्हणाला, पूस. मी पुसूनही दिला असता. पण तोवर ठोसा बसला होता. त्या माणसाचा दात गवतात पडला, तोंडातून रक्ताची धार लागली, आणि हा त्याच्या छातीवर बसून मारतच होता. तिघांनी मिळून त्याला ओढला. मी घाबरून ओरडत होतो, पण खरं सांगायचं तर माझ्यासाठी इतकं कुणी कधी चिडलं नव्हतं. मला बरंही वाटत होतं.

तो माणूस पोलिसांत गेला नाही, हे आमचं नशीब. दौरा चालवणाऱ्यांनी मात्र बजावून ठेवलं की पुन्हा कुणावर हात टाकला तर कायमचा बाहेर.

शेवटची स्पर्धा कुवेतलाच होती, आणि कार्ड राहणार की जाणार ते तिच्यावरच ठरायचं होतं. त्या दिवशी तोझ सुटला होता, धुळीचं ते पिवळं वारं, आणि सगळी हिरवळ वाळूने झाकून गेली होती. शेवटच्या भोकाला त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. खड्ड्यात फटका मारण्याआधी वाळूला हात लावायचा नाही, असा नियम. सगळा मोसम मी खड्डा आला की म्हणायचो, "हात वर." तो चोरासारखे दोन्ही हात वर करायचा आणि हसत खाली उतरायचा. त्या दिवशीही तसाच उतरला. मग चेंडूच्या पुढे त्याला कुणाच्या तरी पायाचा ठसा दिसला. चारी बाजूंना वाळू, घरच्या मैदानावरची वाटावी अशी. तो वाकला आणि तळहाताने त्याने तो ठसा सारखा केला.

हात तिथेच थिजला. कुणी काही बोलायच्या आत तो स्वतःच म्हणाला, "दंडाचे दोन धरा."

जोडीला एक तरुण गोरा खेळाडू होता. तो वरून म्हणाला, मी पाहिलं म्हणून सांगतोयस. मग म्हणाला, चीटर. आणि पुन्हा एकदा तेच म्हणाला.

तो खड्ड्यातून वर आला. मूठ वर गेली. पोराने डोळे मिटून घेतले. मला बहारीनचा दात दिसत होता. शेजारी पंचांची गाडी उभी होती. ती मूठ होती नव्हती तेवढ्या ताकदीने गाडीच्या छताच्या लोखंडी खांबावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज कानाखालच्या आवाजापेक्षा बारीक असतो, हे मला तेव्हा कळलं.

दंड धरून, कार्ड राखायचं तर आता तीनच फटक्यांत चेंडू भोकात जायला हवा होता. पंच थांब म्हणाले. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सांग."

मी म्हणालो, "हात वर."

त्याने केले. उजवा पंजा मनगटातून लोंबत होता. खड्ड्यात उतरून त्याने नुसत्या डाव्या हाताने, गुरासारखा ओरडत, फटका मारला आणि चेंडू बाहेर काढला. उरलेले दोनही डाव्या हातानेच. चेंडू भोकात पडला तेव्हा त्या पोराने टोपी काढली होती. कार्ड राहिलं.

हॉस्पिटलात प्लास्टर घालताना त्याने मला एकच गोष्ट विचारली. "त्या पोराला लागला नाय ना?"

"नाही."

"मग झाला."

हात वाकडाच जुळला. बोटं मिटेनात. कार्ड होतं, पण क्लब धरता येत नव्हता. शिकवायला ठेवलेल्या क्लबवाल्यांनी काही महिने वाट पाहिली आणि मग दुसरा माणूस घेतला. इकामा संपला तसा तो निघाला. विमानतळावर मला म्हणाला, गावाला किनाऱ्यावर मैदान करतो, वाळूला तोटा नाय. मला हसता येईना.

मग त्याने तो वाकडा हात उचलला आणि माझ्या कानाखाली मारला. "मारायचा तर मनापासून," असं म्हणून दात ओठ खाऊन मारला. मी गालावर हात धरून उभा राहिलो, पण मला जरासुद्धा लागलं नव्हतं.