कुसुमताईंनी ठेवलेला शब्द

मी आयुष्यात सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर कुसुमताई राण्यांचा. त्या गेल्याचं सावंतकाकूंनी फोनवर सांगितलं. "दत्तू, आपली कुसुम गेली रे," काकू म्हणाल्या. मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू येत होती... दिंडोशीच्या त्या इमारतीत ताई आणि काकू शेजारी राहायच्या, आणि त्यांच्या पलीकडच्या खोलीत माझे मामा.

ऐंशीच्या दशकात मी बी.ए. होऊन मामांकडे आलो. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिलाच. गावातल्या शाळेत इंग्रजीचे धडे आम्ही मराठीतून पाठ केले होते. अंधेरीच्या एका कंपनीत पहिल्या मुलाखतीला गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी इंग्रजीत माझी माहिती विचारली, आणि माझ्या तोंडून वडिलांचं नावसुद्धा निघेना. घरी आलो तर मामांच्या दाराला कुलूप. गॅलरीत उभा होतो. ताईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हात धू, भाकरी गरम आहे." मुलाखतीचं एका शब्दाने विचारलं नाही.

नंतर काही दिवसांनी त्यांनीच विचारलं, "मला मोठ्याने वाचून दाखवशील का रे? कानावर पडल्याशिवाय वाक्य कळत नाही." तेव्हा मला समजलं की ताई इंग्रजीतल्या हेरकथा मराठीत आणतात. काकू लायब्ररीतून आणून ज्या कादंबऱ्यांचा फडशा पाडायच्या, त्यातल्या कितीतरी ताईंच्या होत्या. वर नाव मात्र एका पुरुषाचं असायचं, आणि तसा पुरुष अस्तित्वातच नव्हता. बाईने लिहिलेली हेरकथा कोण घेणार, असं प्रकाशकांचं म्हणणं होतं, आणि बाहेर बोलायचं नाही ही त्यांची अट.

"म्हणजे सीक्रेट," मी म्हणालो.

"नाही रे. सीक्रेट कुणालाच सांगत नाहीत. हे कॉन्फिडेन्शियल. विश्वासातल्या माणसाला सांगतात. आता ते तुझ्याकडे आहे."

अशी माझी इंग्रजीची शिकवणी सुरू झाली. कव्हर, कोड, सर्व्हेलन्स, डेड ड्रॉप... ताई शब्द टाकायच्या आणि मी अर्थ शोधायचा. शब्दकोश हाताशी असला तरी त्यांची कसोटी वेगळी होती: काकूंना कळेल का? डेड ड्रॉप म्हणजे एकाने ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं, दोघांची भेट नाही. मी म्हणालो, "आपल्या दारावरची दुधाची पिशवी." ताई हसल्या, पण दोन्ही माणसं कशी वागतात ते मला कायमचं कळलं. एकदा त्या 'सेफ हाऊस'पाशी अडल्या.

"सुरक्षित घर," मी म्हणालो.

"विम्याची जाहिरात वाटते. अरे, पाठलाग चुकवत, दमून आलेला माणूस आहे. दार उघडणारा त्याला काही विचारत नाही. काय म्हणायचं अशा घराला?"

"माहेर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे कुठून सुचलं तुला?" मी नुसतेच खांदे उडवले. ताईंनी तोच शब्द ठेवला.

पुस्तक आलं तेव्हा नळावर काकू गोष्ट सांगत होत्या, "गो कुसुम, त्या बिचाऱ्याक शेवटी माहेर गावला." ताई हंडा भरत म्हणाल्या, "हो का? मग पुढे काय झालं?" जणू काही ठाऊकच नाही. त्या रोज अशाच ऐकायच्या. कुठे काकू अडखळल्या, कुठे रंगल्या, ते लक्षात ठेवायच्या आणि पुढच्या पुस्तकात तशी दुरुस्ती करायच्या. त्यांच्या लेखनावर मिळणारी दाद ती एवढीच, आणि तीही दुसऱ्याच्या नावाला.

पुढच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, इंग्रजी कुणाकडे शिकलात? मी इंग्रजीतच सांगितलं, एक ताई पुस्तकं भाषांतरित करतात, नाव सांगता येणार नाही. का? "इट इज कॉन्फिडेन्शियल, सर." ते हसले. नोकरी मिळाली. त्या हसण्याने की कशाने, कोण जाणे... लग्नानंतर मी मुलुंडला गेलो, पण कुठलंही इंग्रजी पत्र लिहिताना, हे काकूंना कळेल का, असा प्रश्न मनात यायचाच.

गेल्या दिवाळीत मी ताईंना पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, रागावल्या. त्या गेल्यावर भेटायला गेलो, तर काकूंनी उशाखालून ते जुनं पुस्तक काढलं. "माका दिसत नाय म्हणान रोज येऊन वाची होती," त्या म्हणाल्या. "एक दिवस वाचता वाचता सांगल्यान, काकू, ह्या माझा. इतकी वर्सां गप रवली, आणि मी खुळी तिकाच गोष्टी सांगी होतंय." काकूंनी ते साऱ्या इमारतीला सांगून टाकलंय, म्हणून तर मला हे लिहिता येतंय. 'माहेर' आलेल्या पानात माझं पत्र होतं:

'ताई, काकूंची नजर गेली असं मामी सांगत होती. प्रकाशक राहिले नाहीत, लायब्ररीही बंद झाली. आता एक तरी पुस्तक काकूंना तुमचं म्हणून कळू दे. मी कधी बोललो नाही, बोलणारही नाही. तुम्ही सांगा. विश्वासातल्या माणसाला सांगायचं असतं ना?

आणखी एक. माहेर हा शब्द कुठून सुचला, असं तुम्ही विचारलं होतं. मी तेव्हा खांदे उडवले. ताई, मला आमचं गाव आठवलं नव्हतं. तुमचं स्वयंपाकघर आठवलं होतं.

तुमचा,
दत्तू'