अप्पांच्या जॅकेटच्या बाह्या

मंडळी, सकाळपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथं लिहितोय.

आज वडिलांना, म्हणजे अप्पांना, डॉक्टरकडे न्यायचं होतं. ते इतके वाळलेत की त्यांच्याच जॅकेटच्या बाह्या आता बोटांवर येतात. व्हिडिओ बघून मी त्या बाहेरच्या बाजूनं छान दुमडल्या. त्यांनी लगेच सोडल्या.

"आत दुमडायची. मागात अडकंल की!"

अप्पा जन्मभर यंत्रमागावर होते. तो कारखाना कधीच बंद पडलाय, हे त्यांना आठवत नाही.

स्वतःच्या बाह्या त्यांनी आत दुमडल्या, एक सुरकुती नाही. मग माझा हात ओढून माझीही बाही तशीच दुमडली आणि मायेनं विचारलं, "नवीन लागलास व्हय रं कामाला? कुणाचा पोरगा तू?"

सांगा, काय उत्तर देऊ?