जखमेतला फेस

प्रयोगशाळेत गेले की मी आधी फ्लास्ककडे बघते. रात्रभर यंत्रावर हलत राहिलेल्या पाण्यावर पांढराशुभ्र फेस चढलेला असतो. आत साबण नसतो, जंतू असतात. त्यांच्यातलं एक एन्झाइम साखरेला स्निग्ध पदार्थाशी जोडतं आणि त्यातून हा नैसर्गिक साबण तयार होतो. तेलाने माखलेली माती त्याने धुता येईल, अशी आम्हाला आशा आहे.

हे जंतू फार वर्षांपूर्वी एका इस्पितळातून आले. नोंदीत फक्त 'भाजलेली स्त्री, जखम' एवढंच आहे. परवा त्या वॉर्डात काम केलेल्या निवृत्त परिचारिका सुमनताई भेटल्या. जिच्या जखमेतला नमुना आमच्याकडे आला, त्या बाईबद्दल मी सहज विचारलं.

"आठवते ना," त्या म्हणाल्या. "जबाबात म्हणाली, स्टोव्ह भडकला. मला म्हणाली, ताई, घरात स्टोव्हच नाही. पण कुणाला सांगू नका, मुलगी सासरच्यांकडेच आहे."

"मग तुम्ही?"

"नाही सांगितलं. चौथ्या दिवशी ती गेली."

ती गेली, आणि तिच्या जखमेतले जंतू मात्र पिढ्यामागून पिढ्या जगत राहिले. तिचं नाव कुणी नोंदवून ठेवलं नाही. आम्ही जपले ते फक्त हे जंतू.

काम संपलं की हे जंतू वाफेच्या भट्टीत घालून मारावे लागतात. त्या संध्याकाळी मी भट्टीचं झाकण उघडलं, गरम वाफ तोंडावर आली आणि माझा हात पुढे जाईना. शेवटी सहकाऱ्याला म्हटलं, "आज तू कर," आणि बाहेर जाऊन उभी राहिले.