शनिवारकाकांचा कठडा

शनिवारकाकांच्या घरी आठवड्यातून एक दिवस चूल पेटत नसे, दिव्याचं बटण दाबलं जात नसे आणि साधी पेन्सिलही हातात घेतली जात नसे. त्या दिवशी ते अंगणातल्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकत, डोक्यावर गोल टोपी ठेवत आणि एक जाड पुस्तक उघडून बसत. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला हा ज्यू माणूस जन्मानं कोकणातला. पण तीस वर्षं वर्ध्यात काढून त्यांची बोली पक्की वऱ्हाडी झाली होती. वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या पिपरी मेघेत त्यांचं खरं नाव किती जणांना ठाऊक होतं, देव जाणे.

ते पुस्तक म्हणजे त्यांचं धर्मशास्त्र. त्याचे वर्षातल्या आठवड्यांप्रमाणे भाग पाडलेले असतात आणि जगभरातले ज्यू त्या आठवड्यात तोच भाग वाचतात. वर्ध्यात मात्र वाचणारे हे एकटेच. ना प्रार्थनेचं मंदिर, ना मंडळी. बायको वारलेली, मुलगा परदेशात. म्हणून मंडळी म्हणजे आम्ही शेजारीच. फाटकावरून जाणाऱ्याला ते हाक मारत, "बसा जरा. या आठवड्यात आपल्या कामाचं निघालं." त्या वेळी मी कॉलेजात होते आणि शनिवारी त्यांच्या तावडीत हमखास सापडत असे.

कामाचं काही ना काही निघतंच, यावर त्यांची श्रद्धा होती. एकदा त्यांचा प्रेषित मोशे याच्या सासऱ्याचा भाग आला. दिवसभर लोकांचे तंटे एकटाच सोडवत बसलेल्या जावयाला सासरा म्हणतो, असा मरशील, चार माणसं हाताशी घे. काका तडक आमच्या किराणा दुकानात आले आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, गल्ल्यावर वहिनीले बसवा. तुमी एकटेच खपून राह्यले." सासऱ्याचं ऐकून सुधारलेला जावई फक्त पुस्तकातच भेटतो, असं बाबा पुटपुटले खरे, पण महिन्याभरात आई गल्ल्यावर बसू लागली आणि बाबांना दुपारची झोप मिळू लागली. भिंतीवरच्या बुरशीचे नियम आले तेव्हा मी म्हटलं, "आता काढा यातून अर्थ." काका म्हणाले, "काढतो. बुरशी पाह्यनारा पुजारी यायच्या आधी घरातलं सामान बाहेर काढा म्हन्ते. म्हंजे घराले खराब म्हनाच्या आधी गरिबाचं गाडगं-मडकं वाचवाचं."

आमच्या नव्या घराचा स्लॅब घातला ते वर्ष मला पक्कं आठवतं. वरचा मजला पुढे कधीतरी चढवायचा, म्हणून बाबांनी कॉलमच्या सळया तशाच उभ्या ठेवल्या होत्या आणि गच्चीला कठडा घातला नव्हता. पिपरीतली निम्मी घरं तशीच होती. पोळ्याच्या सुमारास शनिवारकाका पुस्तक बगलेत मारूनच आले.

"भाऊ, आज तुमचंच निघालं. नवं घर बांधलं त गच्चीले कठडा घाला, नाई त कोनी पडलं त दोष घरवाल्याच्या माथी."

"काका, वर मजला चढवाचा हाय. आज बांधून उद्या फोडाले काऊन लावता?"

"फोडा ना उद्या. पन आज बांधा."

बाबा हसले. काका हसले नाहीत. "कठडा होईस्तोवर मी तुमच्या गच्चीवर पाय नाई ठेवनार," एवढंच बोलून ते गेले. मला त्यांचा रागच आला. इतकं ताणायचं काय कारण, असं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात, एका शनिवारी सकाळी, आई गच्चीवर जुन्या साडीवर कुरड्या घालत होती. सोऱ्या दाबत दाबत ती मागे सरकत होती आणि मी चाळण्या धुवायला खाली आले होते. काकांना कडुनिंबाखालून ते दिसलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर ती दचकली असती. ते मुकाट्यानं आमचा जिना चढले आणि मी मागोमाग गेले तेव्हा अगदी साध्या आवाजात म्हणत होते, "वहिनी, दोन पावलं माह्याकडे या." आईची टाच कडेपासून वीतभर होती.

मग त्यांनी माझ्याकडून दोर मागवला आणि सळयांना गुंडाळत गच्चीभोवती बांधत सुटले. शनिवारी ते बुटाची नाडीसुद्धा बांधत नसत. मी म्हटलं, "काका, आज गाठ चालत नाही ना?"

"जीवाच्या कामाले शनिवार आडवा येत नाई. हेबी सांगतलंच हाय."

बाबा दुकानातून धावत आले. काकांचे सोललेले तळहात पाहून त्यांनी दोर स्वतःच्या हातात घेतला. सोमवारी गवंडी आला.

काही वर्षांनी मुलानं काकांना इस्रायलला बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी ते गच्चीवर आले आणि कठड्यावर हात ठेवून पूर्ण फेरी मारली. "तिकडं शनिवारी समद्याइलेच सुट्टी राह्यते," ते म्हणाले, "मले कोन शनिवारकाका म्हनन?" मी रडले. ते गेल्यावर कितीतरी शनिवार त्या कडुनिंबाकडे बघवलं नाही. पुढे त्यांच्या मुलाचा फोन आला, काका गेले म्हणून.

त्याच वर्षी माझ्या भावाचं लग्न ठरलं आणि आम्ही वरचा मजला चढवला. कठडा फोडावाच लागला. नवा स्लॅब घातला, तेव्हा गवंड्यानं शहाणपण सांगितलं, "शेठ, आनखी मजला घ्याचा असन त कठडा आत्ताच काऊन? उद्या फोडा लागन."

"फोडू उद्या," बाबा म्हणाले. "आज बांध."

काम पाच दिवस चाललं. मधल्या शनिवारी बाबांनी ते बंद ठेवलं. गवंड्यानं कारण विचारलं, तर म्हणाले, "आमच्या एका मानसाची सुट्टी राह्यते."